तीन मतांनी पराभव झाला, तर फेरमोजणीचा अर्ज नेमका केव्हा द्यायचा?

प्रश्न : खानापूरकर

सर्व सभासदांना नमस्कार. डिसेंबर २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावात माझे चुलतबंधू तीन मतांनी पराभूत झाले. मतदान कागदी मतपत्रिकांवर झाले होते आणि त्या वॉर्डात अकरा मते बाद ठरली होती. मोजणीच्या टेबलाशी बसलेल्या आमच्या प्रतिनिधीने बाद मते एकदा दाखवावीत असे तोंडी सांगितले. तेवढ्यात पुढच्या वॉर्डाची पेटी आली, कन्नडमधील तक्ता समोर सरकवला गेला आणि त्याने सही केली. त्याला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. विजयी गट म्हणतो की हरणाऱ्याला मोजणी नेहमीच चुकीची वाटते, आणि आमचा गट म्हणतो की निकाल फिरवला. मला हे भांडण पुढे न्यायचे नाही. फरक इतका कमी असेल तेव्हा फेरमोजणी कोणी, केव्हा आणि कशी मागायची, एवढेच समजून घ्यायचे आहे. विधानसभेलाही हीच मुले प्रतिनिधी म्हणून बसतात, म्हणून तेथील नियमही सांगावेत.

उत्तर १ : निवृत्त पर्यवेक्षक

मी बरीच वर्षे मोजणीच्या कामावर होतो, त्यामुळे तुमच्या प्रतिनिधीचे काय झाले असेल ते डोळ्यांसमोर येते. पंचायतीसाठी कर्नाटकाचे स्वतंत्र नियम आहेत. मी लिहितो ते विधानसभा आणि लोकसभेचे, म्हणजे १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील आहे.

फरक एका मताचा असला तरी फेरमोजणी आपोआप होत नाही. नियम ६३ प्रमाणे मोजणी पूर्ण झाल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येक उमेदवाराची एकूण मते जाहीर करतो, आणि त्यानंतर उमेदवाराला, किंवा तो हजर नसल्यास त्याच्या निवडणूक प्रतिनिधीला वा मोजणी प्रतिनिधीला कारणे नमूद करून लेखी अर्ज देता येतो. अधिकारी तो पूर्ण किंवा अंशतः मान्य करू शकतो, किंवा अर्ज उथळ वा गैरवाजवी वाटल्यास फेटाळू शकतो. मात्र निर्णयाची कारणे त्याला लेखी द्यावी लागतात. एकदा त्याने अंतिम निकालपत्रक पूर्ण करून त्यावर सही केली की अर्ज घेतलाच जात नाही. जाहीर झालेली बेरीज आणि ती सही यांच्यामध्ये जी काही मिनिटे मिळतात, तेवढीच तुमची. नेमक्या त्याच वेळी एका बाजूचे कार्यकर्ते गुलाल घेऊन दाराशी उभे असतात, दुसऱ्या बाजूचे नेत्याला फोन लावत असतात, आणि कोरा कागद कोणाच्याच खिशात नसतो.

कारणही नेमके हवे. ‘फरक कमी आहे’ हे कारण पुरत नाही. अमुक टेबलावर, अमुक फेरीत, अमुक केंद्राच्या यंत्रातील बेरीज नमुना १७-सी शी, म्हणजे केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाशी, जुळत नाही, असे लिहावे. हा नमुना मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष प्रतिनिधींना देतो. आपल्याकडे तो घरी नेऊन विसरला जातो. कागदी मतपत्रिका असेल तर ती बाद करण्यापूर्वी प्रतिनिधीला पाहण्याची वाजवी संधी द्यावी लागते, हाताळू मात्र देत नाहीत. शिक्का पुसट आहे किंवा दोनदा उठला आहे, एवढ्यावरून मतदाराचा कौल स्पष्ट असताना मत बाद करता येत नाही. टपाली मतांबाबत आयोगाची सूचना आहे की विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सर्व बाद मते पुन्हा तपासलीच पाहिजेत.

उत्तर २ : वकील, बेळगाव

वरील उत्तरात न्यायालयाची बाजू जोडतो. निकाल जाहीर झाल्यावर निवडणूक याचिका हाच मार्ग उरतो. विधानसभा आणि लोकसभेसाठी ती ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, तर ग्रामपंचायतीसाठी १९९३ च्या कर्नाटक पंचायत राज कायद्याच्या कलम १५ खाली ३० दिवसांत नियुक्त न्यायालयात दाखल करावी लागते, आणि ती उमेदवाराप्रमाणे त्या वॉर्डातील मतदारही करू शकतो. तुमच्या बंधूंची मुदत जानेवारी २०२१ मध्येच संपली.

मुदतीत गेलात तरी मतपेट्या सहज उघडल्या जात नाहीत. मतदानाची गुप्तता जपण्यासाठी, ठोस तथ्ये मांडल्याशिवाय मतपत्रिकांची तपासणी करू द्यायची नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मधील राम सेवक खटल्यात घेतली आणि ती आजही चालते. मोजणीच्या जागी दिलेला अर्ज, त्यावरील पोच आणि फेटाळल्याची कारणे हाती नसतील, तर याचिकेत शंका तेवढी उरते. मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात २०२४ साली रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले; पराभूत अमोल कीर्तिकर यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळली. उलट कर्नाटकातील मालूर विधानसभा मतदारसंघात २०२३ चा फरक २४८ मतांचा होता आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती निवड रद्द करून फेरमोजणीचा आदेश दिला. त्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्येच बंगळुरूच्या जयनगरमध्ये आधी काँग्रेसच्या सौम्या रेड्डी पुढे असल्याचे सांगितले गेले आणि रात्री उशिरा भाजपचे सी. के. राममूर्ती १६ मतांनी विजयी ठरले; वाद आधी बाद केलेल्या टपाली मतांवरूनच पेटला. जो पक्ष एका ठिकाणी फेरमोजणीला लोकशाहीचा अपमान म्हणतो, तोच दुसऱ्या ठिकाणी तिच्यासाठी रात्र जागवतो, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो.

भाषेबाबत एक. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, त्यामुळे मराठी अर्ज केवळ भाषेमुळे नाकारणे योग्य नाही. तरीही त्या मिनिटांत अनुच्छेदावर वाद घालण्यापेक्षा कन्नड-मराठी छापील मसुदा, रिकाम्या जागांसह, आधीच खिशात ठेवावा.

उत्तर ३ : टिळकवाडीचा मतदार

कायदा पटला, पण आपल्या भागात ‘मोजणीत गडबड’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भाजपच्या मंगला अंगडी यांनी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळी यांना ५,२४० मतांनी हरवले आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शुभम शेळके यांना १ लाख १७ हजारांवर मते पडली. त्या निकालाचे गणित मतविभागणीत होते. तरी पारावर यंत्राची चर्चा महिनाभर चालली. समितीच्या नावावर दोन-दोन उमेदवार उभे करून आपणच मते फोडतो आणि संध्याकाळी यंत्राला शिव्या देतो. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नी निषेध म्हणून बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले होते, तेव्हा निदान आपण काय करतो आहोत हे सगळ्यांना माहीत होते.

एक शंका मात्र खरी आहे. विधानसभा आणि लोकसभेला उमेदवार नियम ५६-डी खाली व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कोणाला गेले ते दाखवणाऱ्या, यंत्राला जोडलेल्या पेटीत छापून पडणाऱ्या) मोजण्याची मागणी करू शकतो, आणि यंत्र व चिठ्ठी यांत तफावत आली तर चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरतात. २०२१ च्या आमच्या बेळगाव महानगरपालिका निवडणुकीत यंत्रांना व्हीव्हीपॅटच जोडलेले नव्हते. तेथे मागणार काय?

खानापूरकर

तिघांचेही आभार. काल त्या प्रतिनिधीला पुन्हा विचारले. बाद अकरापैकी दोन मतपत्रिकांवर शिक्क्याऐवजी अंगठा उठला होता, एवढे त्याला लांबून दिसले होते; उरलेल्या नऊ त्याने पाहिल्याच नाहीत. सही केलेल्या तक्त्याची प्रतही कोणी मागितली नव्हती. वकीलसाहेब, तो दोन भाषांतील मसुदा येथे टाकता आला तर पाहावे. आमच्याकडे कन्नड शाळेतील एक शिक्षक आहेत, ते शब्द तपासून देतील.