मुलगी एमबीबीएसला बिश्केकला जातेय, मे २०२४ सारखं परत झालं तर काय करायचं?

लातूरचा_बाबा:
नमस्कार मंडळी. मोठी मुलगी किर्गिझस्तानला एमबीबीएसला जातेय, फी भरून झाली, व्हिसाचं चालू आहे. मागच्या आठवड्यात मेव्हण्याने मे २०२४ चे व्हिडिओ दाखवले, हॉस्टेलात घुसून परदेशी पोरांना मारलं होतं तेव्हाचे, आणि तेव्हापासून हिच्या आईच्या डोळ्याला डोळा नाही. एजंटला विचारलं तर म्हणतो सगळं शांत आहे. आत्ता शांत आहे ते मलाही कळतंय हो, पण बिघडलं तर लेकीने नेमकं काय करायचं आणि आम्ही इथून काय करायचं हे कोणीच सांगत नाही. ज्यांनी असं काही जवळून बघितलंय त्यांनी प्लीज लिहा. पाठवू नका म्हणणार असाल तरी चालेल, पण कारण सांगा.

अलाअर्चा:
काका, मी तेव्हा बिश्केकमध्येच होतो. १३ मे ला लोकल पोरं आणि परदेशी विद्यार्थी यांची मारामारी झाली, तिचा व्हिडिओ १७ ला फिरला आणि त्याच रात्री गर्दी जमली. भांडण इजिप्तच्या पोरांशी झालं असं म्हणत होते, पण गर्दीला कोण इजिप्तचा कोण पाकिस्तानी कोण आपला याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, हॉस्टेल आणि भाड्याचे फ्लॅट दोन्हीकडे घुसले. सुरुवातीच्या सरकारी आकड्यात २९ जखमी होते, मृत्यू एकही नाही. पण ग्रुपवर "तीन जण मेले" हे रात्रभर फिरत होतं आणि घरच्यांपर्यंत तेच पोचलं.

आम्ही लाइट बंद केले, दाराला कपाट लावलं, खिडकीपासून लांब बसलो आणि मोबाईल सायलेंट. खिडकीतून व्हिडिओ काढायचा मोह खूप होतो, तिला आत्ताच सांगून ठेवा की काढायचा नाही, लाइव्ह तर अजिबात नाही, खालून फोनचा उजेड दिसतो. दुसऱ्या दिवशी एम्बसीने पण हेच सांगितलं, आतच रहा, आणि २४ तास चालू असलेला नंबर दिला. क्लास ऑनलाइन झाले. बाहेर जाणं बंद म्हणजे खोलीत जे असेल तेच खायचं, म्हणून तांदूळ डाळ पाणी आठवडाभर पुरेल इतकं कायम असू द्या, आणि थोडी कॅश सोममध्ये, म्हणजे तिकडच्या चलनात.

अजून एक, पासपोर्ट. व्हिसा वाढवायला आणि रजिस्ट्रेशनला कॉलेज किंवा एजंट पासपोर्ट घेतात आणि कधीकधी बरेच दिवस देत नाहीत. काम झालं की लगेच मागून घ्यायचा, मागे लागून घ्यायचा. पासपोर्ट हातात नसेल तर विमान असूनही उपयोग नाही.

पुणे_सातारा_रोड:
मी पाठवू नका म्हणणाऱ्यातला. २००५, २०१० आणि २०२०, तीनदा या देशात लोकांनी रस्त्यावर उतरून सत्ता बदलली. त्यात २०२४ चं. मुलीला एवढ्या लांब एकटं ठेवताना हे विचारात घ्या, नंतर एजंट फोन पण उचलणार नाही.

अलाअर्चा:
दादा ते तिन्ही वेळचं राजकीय होतं, रोख सरकारवर होता, परदेशी विद्यार्थ्यांवर नाही. २०२४ चं वेगळं. चौकात सभा असेल तर तिकडे न जाणं आपल्या हातात असतं, पण गर्दी आपल्याच दारावर आली तर वेगळीच तयारी लागते. काकांनी विचारलंय ते हे दुसरं.

ढाक्याची_ताई:
माझी बहीण जुलै २०२४ ला बांगलादेशात मेडिकलला होती, सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्याविरुद्धच्या आंदोलनात. १८ जुलैच्या रात्री अख्ख्या देशाचं इंटरनेट गेलं, मग कर्फ्यू. मोबाईल इंटरनेट २८ पर्यंत नव्हतं. आमचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर, ते मेलं की काहीच उरलं नाही, आईने तर दोन दिवस अन्न सोडलं होतं. म्हणून सांगते, वॉर्डनचा साधा नंबर आणि दोनतीन मैत्रिणींच्या आईवडिलांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. तिच्या फोनमध्ये आयएसडीचा बॅलन्स राहू द्या. आणि आधीच ठरवा की नेट गेलं तर कोण कोणाला किती वाजता साधा कॉल करणार, एकाला लागला की त्याने बाकी घरांना कळवायचं.

तेव्हा साडेचार हजारांवर भारतीय विद्यार्थी परत आले, बरेचसे आगरतळा, पेट्रापोळ, डौकी अशा बॉर्डरवरून. बहिणीच्या कॉलेजने पोलीस सोबत असल्याशिवाय बस सोडली नाही, आम्ही इकडून "निघ निघ" करत होतो पण त्यांचं बरोबर होतं, कर्फ्यूत रस्त्यावर एकटी गाडी म्हणजे सगळ्यात मोठा धोका.

लातूरचा_बाबा:
ताई, अलाअर्चा, खूप आभार. बिश्केकला आपली बॉर्डर नाही, मग निघायचं झालं तर कसं? आणि लगेच बोलवून घ्यावं का?

अलाअर्चा:
मनास एअरपोर्टवरून दिल्लीचं विमान हा मुख्य रस्ता. दुसरा म्हणजे कझाकस्तानातलं अल्माटी, रस्त्याने काही तासांवर, भारतीयांना तिथे १४ दिवस व्हिसा लागत नाही. पण हे सगळं रस्ते शांत झाल्यावर, आणि ग्रुपने, दिवसा. पहिल्या रात्री कुठेही हलायचं नाही. निघण्याआधी किर्गिझ व्हिसावर परत येता येईल का ते बघायचं, नाहीतर तिकडून नवीन व्हिसा काढत बसावं लागतं.

एफएमजीई_पास:
बोलवण्याआधी हे वाचा. एनएमसीच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा कोर्स आणि नंतरची वर्षभराची इंटर्नशिप त्याच एका परदेशी कॉलेजात व्हावी लागते, मध्येच दुसरीकडे ट्रान्सफर चालत नाही. ऑनलाइन झालेले तास नंतर प्रत्यक्ष भरून काढल्याचं सर्टिफिकेट मागतात. म्हणजे जीवावर बेतत असेल तर एक मिनिट विचार न करता बोलवा, पण तीनचार आठवड्यांसाठी आणताना कॉलेजकडून सुट्टीचं आणि क्लास कसे भरून निघणार याचं लेखी घ्या. माझ्या बॅचच्या दोघांचं इकडचं डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशन अशाच कागदासाठी अडकलं होतं.

ढाक्याची_ताई:
आणि मदद पोर्टलवर स्टुडंट रजिस्ट्रेशन पोचल्या दिवशीच करायला लावा, परराष्ट्र मंत्रालयाचं आहे. तिकडचा पत्ता बदलला की तिथे पण बदलायचा, बहुतेक पोरं फ्लॅट बदलतात आणि ते राहूनच जातं. तिला थोडं रशियन येऊ द्या, निदान पत्ता सांगता येईल आणि १०२ ला पोलीस, १०३ ला ॲम्ब्युलन्स बोलावता येईल इतकं.