मावसभावाच्या कर्जात मी नुसता रेफरन्स, आणि वसुलीवाले शाळेत फोन करतायत

बार्शीकर मास्तर

नमस्कार मंडळी. जरा लांबड लावतोय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

माझा मावसभाऊ भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर होता. एका फायनान्स कंपनीच्या अ‍ॅपवरून त्याने १ लाख ८० हजारांचं पर्सनल लोन काढलं. दिवाळीनंतर वर्कशॉपचं काम आटलं, याला घरी बसवलं आणि हप्ते थकले. अर्ज भरताना रेफरन्स म्हणून नंबर मागतात, तिथे पठ्ठ्याने माझा टाकला होता. मला विचारलं नव्हतं. मी कुठे सही केलेली नाही, ओटीपी सांगितलेला नाही, आधार-पॅन दिलेलं नाही.

आता वसुलीवाले त्याचं सोडून माझ्या मागे लागलेत. सकाळी परिपाठ चालू असताना फोन, रात्री साडेनऊला जेवताना फोन. दर वेळी नवा नंबर. भावाला विचारा म्हटलं की, "मास्तर, सरकारचा पगार खाता आणि भावाचे चार हप्ते भरवत नाहीत? पगारातून कापून घेऊ." मागच्या आठवड्यात आमच्या मोठ्या बाईंना फोन केला, की तुमचे शिक्षक फसवणुकीत आहेत, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) साहेबांना कळवतोय. बाई भल्या आहेत म्हणून निभावलं. परवा तर कहर झाला. भावाचा फोटो, वर लाल अक्षरात 'फरार कर्जबुडव्या' आणि खाली 'जामीनदार' म्हणून माझं नाव-नंबर, असं पोस्टर गावातल्या किराणा दुकानदाराला पाठवलं. त्याने न वाचता गावच्या ग्रुपवर ढकललं. सरपंचापासून माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांपर्यंत सगळ्यांनी ते पाहिलं.

भाऊ पळालेला नाही. पैसे द्यायचे त्याला मान्य आहे, पण फोन उचलायला घाबरतो. माझ्या पगाराला हे लोक खरंच हात लावू शकतात का? आणि तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

मुंढव्याचा पक्या

सिम बदला मास्तर. नायतर ट्रूकॉलर टाका आणि एकेकाला ब्लॉक मारा. दोन महिन्यांत कंटाळतात.

निवृत्त वसुलीवाला, कोल्हापूर

पक्या, मास्तरांनी सिम बदललं की मोठ्या बाईंचा फोन वाजायचा थांबणार आहे का?

गुरुजी, मी बँकेच्या वसुली विभागात नोकरी केली. बाहेरच्या एजन्सीची बिलं माझ्या टेबलावरून जायची, त्यामुळे ही माणसं कुठे वाकतात ते ठाऊक आहे. फोन करणाऱ्या पोराला वसुलीवर टक्केवारी मिळते. त्याच्याशी हुज्जत घालून काही होत नाही, उलट तुम्ही फोन उचलता एवढंच त्याला कळतं. घाबरते ती कंपनी, कारण एजंट काय करतो याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर टाकली आहे. 'ती थर्ड पार्टी एजन्सी आहे, आमचा संबंध नाही' असं कंपनी म्हणूच शकत नाही. (म्हणते मात्र नेहमी.)

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला परिपत्रक काढलं. थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. धमकी नाही, निनावी फोन नाही, चारचौघांत बेअब्रू नाही, मोबाईलवर किंवा सोशल मीडियावर नको ते मेसेज नाहीत, खोटी माहिती देणं नाही. आणि तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे कर्जदाराचे घरचे, मित्र यांच्या जोडीला 'रेफरन्स म्हणून दिलेली माणसं' यांच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमचीच जात त्यात नाव घेऊन आली आहे.

पगाराचं ऐका. शिक्षकांना पगारातून कपातीची धास्ती का वाटते ते मला कळतं, कारण तुमच्या शिक्षक सोसायटीचा हप्ता थेट पगारातून जातो. तो सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली जातो आणि त्यासाठी तुम्ही स्वतः लेखी करार करून दिलेला असतो. या फायनान्स कंपनीला तुम्ही काय लिहून दिलंय? काही नाही. खुद्द कर्जदाराचा पगार जप्त करायचा तरी कंपनीला कोर्टातून हुकूमनामा आणावा लागतो, आणि तेव्हाही अख्खा पगार हातात पडत नाही. तुम्ही तर त्या कर्जात कुणीच नाही.

जामीनदार असता तर मी वेगळं बोललो असतो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, कंपनी थेट तुमच्यावर दावा लावू शकली असती. मास्तरांचा पगार बघून सह्या मागायला पाहुणेरावळे कसे येतात ते मी बँकेत बसून पुष्कळ पाहिलंय. रेफरन्स म्हणजे माणूस सापडला नाही तर पत्ता विचारायचा नंबर. पत्ता एकदा सांगितलात, विषय संपला.

आता करायचं काय. मेसेज, पोस्टर, कॉल लॉग यांचे स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. फोन रेकॉर्ड करा. मोठ्या बाईंकडून चार ओळी लिहून घ्या की अमुक तारखेला असा फोन आला. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. त्याचं नाव कंपनीच्या वेबसाइटवर असतं आणि कर्ज देताना भावाला जे 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) आलं असेल त्यातही असतं. मजकूर एवढा पुरे:

'कर्ज खाते क्रमांक अमुक यात मी कर्जदार, सहकर्जदार वा जामीनदार नाही. आपल्या वतीने खालील नंबरांवरून मला, माझ्या मुख्याध्यापिकांना आणि गावातील लोकांना फोन व बदनामीकारक मजकूर पाठवला गेला आहे, पुरावे सोबत जोडले आहेत. माझा क्रमांक आपल्या नोंदीतून काढावा, संबंधित एजन्सीचे नाव आणि तिला दिलेल्या अधिकारपत्राची प्रत पाठवावी आणि केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी.'

रागाचं एकही वाक्य घालू नका. अधिकारी राग वाचत नाहीत, पुरावे उघडून बघतात.

दुसरा ईमेल भावाने त्याच्या नावाने करायचा. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं झालं तर तिथे तक्रार ग्राहकाची लागते, आणि ग्राहक तो आहे. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा थातुरमातुर दिलं, की रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार टाकायची. फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ वर विचारा, मराठीत बोलता येतं. लोकपालाच्या योजनेत मनस्तापासाठीही भरपाईची तरतूद आहे.

आणि हो, ती कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे ना, हे आधी बघा. नसेल तर लोकपाल कामाचा नाही. मग रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' पोर्टल, आणि फोटोची मोडतोड वगैरे असेल तर सायबरचा १९३०.

कोर्टाची पायरी

मी सोलापूर जिल्ह्यातच वकिली करते. काकांनी बहुतेक सगळं सांगितलंय, पोलिसांची बाजू मी सांगते.

गुरुजी, पोस्टर आणि धमक्यांसाठी तुम्ही स्वतः तक्रार देऊ शकता, त्याला भावाची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात धमकीचं कलम ३५१ आणि बदनामीचं ३५६. खरं सांगायचं तर ठाण्यात बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून देतील, बदनामीसाठी वेगळं कोर्टात यावं लागतं. तरी एनसीची प्रत घ्याच. कंपनीच्या ईमेलला ती जोडली की उत्तराची भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे. कुणी घरात घुसलं, बायकांशी अर्वाच्य बोललं, तर मात्र एनसीवर समाधान मानू नका.

दुसरं भावासाठी, आणि हे त्याला आवडणार नाही. 'कर्ज थकलं म्हणून जेल होत नाही' हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं वाक्य अर्धंच खरं आहे. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, बरोबर. पण त्याने चेक दिला असेल आणि तो परतला तर चेकच्या कायद्याचं कलम १३८ आहे. खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी दिली असेल आणि पैशाअभावी तो परतला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ आहे. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस आली तर ती न घेता परत पाठवायचा शहाणपणा करू नये. घ्यायची, वाचायची, मुदतीत उत्तर द्यायचं.

याउलट व्हॉट्सअ‍ॅपवर अशोकस्तंभ छापलेलं 'अटक वॉरंट' पीडीएफ आलं तर ते बनावट. कोर्ट वसुली एजंटाच्या हाती वॉरंट देत नाही. लोकअदालतीची नोटीस मात्र खरी असू शकते, कंपन्या दावा दाखल करण्याआधीची प्रकरणं तिथे टाकतात. तालुका कोर्टात विधी सेवा समितीकडे नोटिशीवरचा नंबर दाखवून खात्री करा. ती तडजोडीची संधी असते, अटकेची भीती नाही. फक्त तिथे सही करताना आकडा नीट बघा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

सुनंदा, करमाळा

मध्येच विचारते, माफ करा. आमचा बायकांचा गट आहे, मायक्रोफायनान्सचं कर्ज. एकीचा हप्ता चुकला की साहेब तिच्या ओसरीवर येऊन बसतात, अंधार पडला तरी हलत नाहीत. बाकीच्यांना म्हणतात तुम्ही गोळा करून भरा. हे चालतं का?

निवृत्त वसुलीवाला, कोल्हापूर

ताई, तुमचा नियम वेगळा आहे आणि जास्त कडक आहे. मायक्रोफायनान्सच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर बंदी आहे. वसुली ठरलेल्या जागी करायची, म्हणजे तुमची मीटिंग जिथे भरते तिथे. त्या जागी बाई सलग दोन किंवा अधिक वेळा आलीच नाही, तरच माणसाने घरी किंवा कामाच्या ठिकाणी जायचं. ओसरीवर ठाण मांडून बसणं यात कुठेच बसत नाही. तुमच्या कर्जाच्या कार्डावर कंपनीच्या तक्रारीचा नंबर असेल. सगळ्या जणी मिळून एकच तक्रार करा, एकटीने करू नका. एकीने केली की पुढच्या कर्जाला तिला अडवतात.

बाकीच्यांनी भरायचं का, हे तुम्ही सह्या कशावर केल्यात त्यावर आहे. तो कागद इथे नंबर झाकून टाका.

बार्शीकर मास्तर

काका, मॅडम, उपकार झाले. तुमचाच मजकूर जसाच्या तसा पाठवला, एनसीची प्रत जोडली. ठाण्यातल्या हवालदाराने आधी "घरातलं मिटवा की" म्हणून बघितलं, मग पोस्टर पाहिल्यावर लिहून घेतलं. कंपनीचं उत्तर आलं: 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपला क्रमांक वगळला आहे.' एजन्सीचं नाव दिलं नाही. मला येणारे फोन थांबलेत. किराणावाल्याने ग्रुपवर माफी मागितली, वर मलाच म्हणतो की उधारीच्या वहीतली नावं पण अशी टाकली तर पैसे लवकर येतील का. त्याला कलम ३५६ सांगितलं.

आता नवीनच. भावाला एजंट म्हणतो ९५ हजारांत सेटलमेंट करून देतो, आजच्या आज माझ्या यूपीआयवर २० हजार टाक, बाकी दोन हप्त्यांत. भाऊ बायकोचं गंठण मोडायला निघालाय.

निवृत्त वसुलीवाला, कोल्हापूर

थांबवा त्याला! एजंटाच्या यूपीआयवर एक रुपया नाही. तो पैसा कर्जखात्यात पोचेलच असं नाही, आणि नाही पोचला तर भावाकडे दाखवायला काय राहील?

तडजोडीचं पत्र कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून, कर्जखात्याचा नंबर, रक्कम आणि तारखा घालून आधी येऊ द्या. पैसे कर्जखात्यातच भरायचे. आणि गंठण मोडण्याआधी त्याला एक विचारा, की ९५ हजार द्यायची ताकद आहे तर हप्ता कमी करून मुदत वाढवून का मागत नाही? सेटलमेंट केली की सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडतो. पूर्ण फेडल्यावर खातं 'क्लोज्ड' दिसतं. दोन्हींत फार फरक आहे. भाऊ तरुण आहे, उद्या घराला कर्ज मागायला गेला की तो शेरा पुढ्यात येतो.

त्याला म्हणावं, खात्याचा उतारा मागव आणि दंडाची ओळ बघ. थकबाकीवरचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने. तसं केलेलं दिसलं तर तेच बोलणीत वापरा, आकडा खाली येतो.

एजन्सीचं नाव दिलं नाही ना? मग भावाच्या ईमेलमध्ये तेवढाच मुद्दा परत घाला. अ‍ॅपवरून दिलेल्या कर्जात, वसुलीला कोण येणार त्याचं नाव-गाव एजंट भेटायच्या आधी कर्जदाराला कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. आणि उतारा आला की इथे टाका, खातं क्रमांक खोडून. मी संध्याकाळी बघतो.