मदत हवी आहे: नाशिकमध्ये व्हीलचेअरवरून बॅडमिंटन, हॉल आणि खुर्ची दोन्ही हवंय

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २३. तीन वर्षांपूर्वी शेतातल्या टाकीवरून पडला, मणक्याला डी-१२ला (पाठीचा बारावा मणका) मार बसला, दोन्ही पायांतली ताकद गेली. त्याआधी कॉलेजकडून बॅडमिंटन खेळायचा. नंतर रॅकेटच्या पिशवीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. २०२४ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये पॅरा-बॅडमिंटनपटू नितेश कुमारची फायनल लागली होती. तिसरा गेम २३-२१ झाला तेव्हा हा गप्पच होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, ग्रिप बदलून आण."

तेव्हापासून इंदिरानगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने कोर्ट आखून खेळतोय. व्हीलचेअर एकेरीत अर्ध्याच रुंदीचं कोर्ट असतं आणि जाळीपासून शॉर्ट सर्व्हिस लाइनपर्यंतचा १.९८ मीटरचा पट्टा आऊट धरतात. ऐकणाऱ्याला हे सोपं वाटतं. पण सगळा खेळ पुढे-मागे चालतो, आणि प्रत्येक वेळी रॅकेट हातात धरूनच चाक रेटायचं. त्याचा उजवा तळवा अंगठ्याखाली सोलून निघालाय.

मुख्य अडचण खुर्चीची. आहे ती दवाखान्यातली घडीची. हात ठेवायच्या दांड्याला कोपर आपटतं. मागे वाकून क्लिअर (शटल उंच, पार मागे घालवायचा फटका) मारला की पुढची छोटी चाकं उचलली जातात, म्हणून मी मागची मूठ धरून उभी राहते. असा कसला सराव होणार?

हॉलचं म्हणाल तर दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी दारातच पाच पायऱ्या. दुसरीकडे "चाकांनी मॅट खराब होईल" म्हणून वाटेला लावलं. पैसे पूर्ण देतो म्हटलं तरी नाही. तो माझ्याशेजारीच होता, सगळं ऐकत होता. फार लागलं मला ते.

पॅरालिंपिक बॅडमिंटनमध्ये टोकियोत आपली ४ पदकं आली, पॅरिसला ५, पण व्हीलचेअर गटातलं एकही नाही. म्हणून असेल, माहिती मिळते ती उभ्याने खेळणाऱ्यांचीच. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) आहे. व्हीलचेअरच्या दोन गटांपैकी तो डब्ल्यूएच-१मध्ये बसेल की डब्ल्यूएच-२मध्ये? खुर्ची कशी बघायची? आणि नाशिकमध्ये पायऱ्या नसलेला हॉल कुणाला माहीत आहे का?

प्रतिसाद

ताई, मी स्वतः खुर्चीवर खेळतो. गट कागदावरून ठरत नाही. धडावर ताबा कमी असेल तर डब्ल्यूएच-१, चांगला असेल तर डब्ल्यूएच-२, पण ते क्लासिफायर (गट ठरवणारे तज्ज्ञ) तपासून आणि खेळताना बघून ठरवतात. डी-१२ असेल तर पोटाचे स्नायू बऱ्यापैकी चालत असतील, तरी आत्तापासून धरून चालू नका.

खुर्चीला पाठ कमी उंचीची हवी, चाकं तिरकी, आणि मागे एक छोटं आधाराचं चाक. ते नियमात चालतं. त्याच्यामुळे तुम्हाला मूठ धरावी लागणार नाही. मांड्या पट्ट्याने बांधू द्या, फटका मारताना बूड सीटवरून सुटलं तर फाउल. नवी परवडत नसेल तर व्हीलचेअर बास्केटबॉलची जुनी बघा, सुरुवातीला पुरते. आधी बसल्यावरची कमरेची रुंदी मोजा.

हॉलसाठी हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, तोंडी नको. डाग न पडणारे करडे टायर मिळतात, तेही अर्जात लिहा. लाकडी फ्लोअर मिळाला तर उत्तम, मॅटवर चाक जड जातं.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. आत्ताच टेपने मोजलं. कमरेची रुंदी साडेपंधरा इंच आणि आमच्या खुर्चीची सीट अठरा इंची! म्हणूनच तो प्रत्येक स्मॅशला डावीकडे सरकतो, आणि मी त्याला सारखी "नीट बस" म्हणून ओरडत होते. आजपुरत्या दोन्ही बाजूंना चादरी घडी करून खोचल्या आहेत. अर्ज सोमवारी देते. जुनी बास्केटबॉलची खुर्ची, सोळा इंची, कुणाकडे असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. पुण्या-मुंबईहून घ्यायला आम्ही येऊ.