विषय: राजाच्या वाढदिवसाची परेड, बाबांना कुठून दाखवू?

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये आईबाबा सांगलीहून येतायत आणि बाबांना ट्रूपिंग द कलर, म्हणजे राजाच्या वाढदिवसाची लंडनमधली परेड, बघायचीच आहे, २६ जानेवारीची परेड टीव्हीवर कधी चुकवली नाही त्यांनी. राजवाड्यासमोरच्या 'द मॉल' या रस्त्यावर सकाळी लवकर जाऊन उभं राहिलं तर नीट दिसतं का? त्यांचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही. आणि चार्ल्सचा वाढदिवस नोव्हेंबरात ना, मग परेड जूनमध्ये कशी? मंडळातून अजून कुणी येणार असेल तर सगळे मिळून जाऊ.
(स्लाउ)

रि: राजाच्या वाढदिवसाची परेड

ताई, बाबांना मॉलवर नका नेऊ. फुकट आहे, कुणीही जाऊ शकतं, पण तिथे बग्ग्या, घोडे, बँड समोरून जातात आणि एकदा सगळे हॉर्स गार्ड्सच्या मैदानात शिरले की आपण रस्त्यावर नुसते ताटकळत, खरी परेड तर आत चाललेली असते. बहुतेक लोक राजवाड्याच्या बाल्कनीतलं राजघराणं आणि एकच्या सुमाराची विमानं बघून घरी येतात आणि म्हणतात परेड पाहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

वाढदिवसाचं म्हणाल तर चार्ल्सचा १४ नोव्हेंबर, पण सातव्या एडवर्डचाही नोव्हेंबरातलाच होता, इथल्या त्या हवेत मैदानात सोहळा कसा करणार म्हणून त्याने तो उन्हाळ्यात आणला आणि तेव्हापासून तसाच चालू आहे. राणीचा २१ एप्रिल होता तरी परेड जूनमध्येच व्हायची. राजाच्या वाढदिवसाशी ती जोडली गेली १७४८ मध्ये.

बाबांना एक आधी सांगून ठेवा. पूर्वी लढाईत धूर-धुरळ्यात आपली पलटण कुठेय हे शिपायाला निशाणावरून (तेच ते 'कलर') कळायचं, ते ओळखीचं व्हावं म्हणून रांगांसमोरून सावकाश फिरवायचे, आजही सगळ्या सोहळ्याचा गाभा तोच आहे, बाकी सगळं त्याच्याभोवती. दरवर्षी एकाच रेजिमेंटचं निशाण फिरतं, २०२३ ला वेल्श गार्ड्स, २०२४ ला आयरिश, २०२५ ला कोल्डस्ट्रीम. लांबून सगळे लाल कोट सारखेच दिसतात, पण दुर्बीण न्या आणि बटणं बघायला सांगा: ग्रेनेडियरची एकेक, कोल्डस्ट्रीमची दोन-दोन, स्कॉट्सची तीन-तीन, आयरिशची चार-चार, वेल्शची पाच-पाच. चौदाशेच्या वर सैनिक, दोनशे घोडे, चारशे वादक आणि हे सगळं घोड्यावर बसलेल्या एका अधिकाऱ्याच्या ११३ हुकमांवर चालतं. ज्या माणसाने २६ जानेवारी मन लावून बघितलीय त्याला हे लगेच कळेल.

बसायला स्टँडची तिकिटं असतात, पण ती सोडतीने मिळतात आणि अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करावा लागतो. त्यापेक्षा माझं ऐका, आधीच्या दोन शनिवारी पूर्ण गणवेशात रंगीत तालीम असते, मेजर जनरल्स रिव्ह्यू आणि कर्नल्स रिव्ह्यू, तिथेही बसून बघता येतं, पैसे कमी. राजा नसतो, पण कवायत तीच.
(हॅरो)

रि: रि: राजाच्या वाढदिवसाची परेड

काका, माहिती मस्त, पण मंडळाची ट्रिप म्हणून हे नको असं माझं स्पष्ट मत. सातारचं राज्य १८४८ ला कंपनीने खालसा केलं आणि १८५८ पासून आपल्यावर थेट याच सिंहासनाच्या नावाने राज्य झालं, माझे पणजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले. इथलं नागरिकत्व घेताना राजाशी निष्ठेची शपथ घेतली, ती कायद्याने घ्यावीच लागते, पण वाढदिवसाला झेंडे हलवायला मंडळाने जावं हे मला पटत नाही. ताई, तुमच्या बाबांनी जरूर जावं, त्यांच्याबद्दल काहीच नाही.
(रेडिंग)

रि: रि: रि: राजाच्या वाढदिवसाची परेड

तुझं म्हणणं मला मान्य आहे रे, पणजोबांची आठवण सोडून कुणी कुठे जावं असं मी कधीच म्हणणार नाही. मंडळाच्या नावाने नकोच. पण १४ जून २०२५ बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. अहमदाबादहून गॅटविकला निघालेलं विमान १२ तारखेला पडलं, २४२ पैकी एकच माणूस वाचला, क्रूमधले कितीतरी जण मुंबई आणि आसपासचे, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्या दिवशी घरी फोनवर फोन केले. दोन दिवसांनी ही परेड होती. राजाने कार्यक्रमात बदल करायला लावला, त्याच्या आणि अधिकाऱ्यांच्या दंडावर काळ्या फिती होत्या, बग्गी हाकणाऱ्यांच्यासुद्धा, आणि रांगांची पाहणी झाल्यावर अख्खं मैदान एक मिनिट स्तब्ध उभं राहिलं. मी टीव्हीसमोर उभा राहिलो, बायकोही. इतिहास त्याने पुसला जात नाही, पण ज्या देशात आपण राहतो त्याने स्वतःच्या सगळ्यात मोठ्या समारंभात आपल्या माणसांसाठी थांबावं, हे माझ्या मनाला भिडलं आणि म्हणून मी जातो. २०१८ ला याच परेडमध्ये लेस्टरचा एक शीख जवान अस्वलाच्या कातडीच्या टोपीऐवजी काळी पगडी घालून चालला, तेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

ताई, तुम्ही तालमीचंच बघा, आईबाबांसोबत मी येतो. सावली अजिबात नसते, २०२३ च्या तालमीत तीस अंशांच्या वरच्या उन्हात जवानसुद्धा चक्कर येऊन पडले होते, तेव्हा बाबांची टोपी आणि पाणी घ्या. अजून कुणाला यायचं असेल तर या मेलला उत्तर न देता मला वेगळं कळवा, म्हणजे लिस्टवर गर्दी नको.
(हॅरो)