मदत हवी आहे: गोव्याच्या दमट हवेत मसालेदार लॅव्हेंडर परफ्यूम कसा वापरावा?

मांडवीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, माहितगारांकडून नेमका सल्ला हवा आहे.

परफ्यूम 'ओ द परफ्यूम' प्रकारातला, ५० मिलीची बाटली. लॅव्हेंडर ठळक, सोबत लवंग, वेलची, काळी मिरी. तळाला टोंका (एक सुगंधी बी) आणि व्हॅनिला. ऑफिस पणजीत, एसी. येणे-जाणे मडगाव-पणजी शटल बसने. अंघोळ झाल्या झाल्या चार फवारे: मानेवर दोन, मनगटांवर एकेक.

अडचणी अशा:

१. पहिली वीसेक मिनिटे चक्क डोकेदुखीच्या बामासारखा वास येतो.
२. अकरा वाजेपर्यंत मला काहीच येईनासे होते, पण शेजारच्या टेबलावर तो उग्र वाटतो. दोन्ही एकाच वेळी कसे?
३. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर पिवळट डाग.
४. मानेवर अधूनमधून लाली आणि खाज.

शिवाय डिसेंबरात फोंड्याला देवळात लग्न आहे. तिथे कसा लावावा? "परफ्यूमच बदला" एवढे मात्र सांगू नका, हा वास मनापासून आवडतो.

---

अत्तरदाणी

ताई, परफ्यूम बदलायची गरज नाही. दुसऱ्या अडचणीपासून सुरू करतो, कारण बाकीचा बराच गुंता तिथेच आहे.

नाक एकाच वासाला फार लवकर सरावते. मानेवर लावलेला परफ्यूम नाकापासून वीतभर अंतरावर असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर आत जातो. तासाभरात मेंदू त्याची दखल घेणे थांबवतो. परफ्यूम उडून गेलेला नसतो, तुम्हाला तो कळेनासा झालेला असतो. शेजारी बसलेल्या माणसाचे नाक मात्र ताजे असते. "टिकत नाही" म्हणून फवारे वाढवले जातात आणि तक्रारही वाढते. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच.

खात्री करायची असेल तर संध्याकाळी शर्ट काढून दुसऱ्या खोलीत टांगा, पंधरा मिनिटे बाहेर मोकळ्या हवेत थांबा आणि मग शर्ट हुंगा. टोंका-व्हॅनिला तिथेच बसलेले सापडतील.

आता प्रमाण. बहुतेक पंपांतून एका दाबाला साधारण ०.१ मिली द्रव निघतो, म्हणजे तुम्ही एका वेळी ०.४ मिली लावता. या जातीच्या परफ्यूमसाठी गोव्याच्या उष्म्यात ते फार झाले. ऑफिसला एक फवारा, संध्याकाळी उघड्यावर जायचे असेल तर दोन. मान सोडा. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या बाजूला, १५ ते २० सेंटीमीटर अंतरावरून, कपडे घालण्याआधी लावा आणि दोन-तीन मिनिटे वाळू द्या. वरचा कपडा झाकणासारखे काम करतो. वास हळूहळू वर येतो, नाकावर सतत मारा होत नाही, म्हणून दुपारीही मधूनमधून तुमचा तुम्हाला जाणवतो.

अंघोळीनंतर अंग नीट कोरडे करा. ओल्या किंवा घामेजल्या त्वचेवर द्रव पसरतो, ओघळतो आणि पुसला जातो. पावसाळ्यात तर दहा मिनिटे पंख्याखाली बसून मगच लावा.

एसीबद्दल एक सांगतो. बाहेर ३२ अंशांत तापलेले अंग घेऊन तुम्ही बंद खोलीत शिरता. त्या पहिल्या पंधरा मिनिटांत अंगातून सर्वाधिक वास सुटतो आणि खोलीत तीच हवा फिरत राहते. शटलमधून उतरल्यावर थोडा वेळ सावलीत थांबून अंग निवू दिले तर शेजाऱ्यांचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

---

लवंगलता

बामाचा वास हा भास नाही, त्याला कारण आहे. बामात कापूर, निलगिरी, लवंगतेल असते. तुमच्या परफ्यूममध्ये लवंगेचे युजेनॉल आहे, वेलचीत निलगिरीतलेच सिनिओल भरपूर असते आणि लॅव्हेंडरकडून कापूर येऊ शकतो. तिन्ही एकत्र आले की आपल्या नाकाला औषधाची बाटलीच आठवणार.

पण "लॅव्हेंडर" या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. खरे लॅव्हेंडर, म्हणजे लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया, यात कापूर अगदी नाममात्र, साधारण एक टक्क्याच्या आत. दुसरे लॅव्हँडिन, हा संकर आहे. त्यात कापूर कितीतरी पट अधिक. ते स्वस्त पडते आणि वासाने धारदार असते, त्यामुळे "ठळक" लॅव्हेंडरमध्ये अनेकदा वापरतात. वेष्टनावर हा भेद सहसा लिहीत नाहीत, नाकानेच ओळखावा लागतो.

दिलाशाची गोष्ट उत्कलनबिंदूंत आहे. सिनिओल १७६ अंश, लॅव्हेंडरमधले लिनालूल १९८, कापूर दोनशेच्या थोडा वर, युजेनॉल सुमारे २५४, टोंकातले कूमरिन ३००च्या आसपास. अंगावरून उडण्याचा क्रम ढोबळमानाने हाच. बामाची छटा देणारे आधी जातात, उबदार मसाला आणि टोंका मागे राहतात. म्हणून घराबाहेर पडण्याआधी तीस-चाळीस मिनिटे लावा. अंघोळीनंतर लावून लगेच निघत असाल, तर बामाची ती वीस मिनिटे नेमकी शटलमधल्या लोकांच्या वाट्याला येतात.

लॅव्हेंडर, कूमरिन आणि ओकमॉस (ओक झाडावरचे दगडफूल) ही जोडणी जुनी आहे. ऊबिगां या फ्रेंच घराण्याचा 'फुजेर रोयाल' १८८२ सालचा. 'फुजेर' नावाचा अख्खा गंधप्रकार त्यावरूनच रुजला. लॅव्हेंडरला वेलची-दालचिनी-व्हॅनिलाची जोड १९९५च्या 'ल माल' या परफ्यूममध्येही आहे. यांची मजा मागाहून येणाऱ्या उबेत आहे, पहिल्या झटक्यात नाही. दुकानात कागदी पट्टीवर दहा सेकंद हुंगून घेतलेला निर्णय म्हणूनच फसतो. पणजीत १८ जून मार्गावरच्या एसी दुकानात एक फवारा हातावर घ्यायचा, बाहेर उन्हात फिरायचे आणि तीन-चार तासांनी ठरवायचे.

---

सुरंगी

चौथी अडचण सर्वांत आधी सोडवा. मानेवर लावणे आजपासून बंद. लाली आली की जागा साध्या पाण्याने आणि सुवास नसलेल्या साबणाने धुवा. त्यावर सुगंधी क्रीम किंवा पावडर लावू नका.

कारणे दोन असू शकतात. पहिले साधे: वॅक्सिंग किंवा दाढीनंतर लगेच लावले, किंवा घामोळे आलेल्या त्वचेवर लावले की अल्कोहोल झोंबते. आग होते आणि थोड्या वेळात शमते. दुसरे गंभीर: ॲलर्जी. लॅव्हेंडरमधले लिनालूल स्वतः सौम्य आहे, पण हवेशी संपर्क येऊन, म्हणजे ऑक्सिडेशनने, त्याची हायड्रोपेरॉक्साइडे नावाची संयुगे बनतात आणि ती त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. लवंगेचे युजेनॉल, दालचिनीतले सिनॅमाल हेही त्याच यादीतले. खाज काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होत असेल, पुरळ दोन-चार दिवस राहत असेल, तर संशय ॲलर्जीचा.

खोक्याच्या मागे लिनालूल, लिमोनीन, युजेनॉल, कूमरिन ही नावे शोधा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे अंगावर राहणाऱ्या वस्तूत असा घटक ०.००१ टक्क्याहून अधिक असेल तर नाव छापावे लागते.

लाली पूर्ण गेल्यावर घरगुती चाचणी: कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस. मध्येच खाज आली तर थांबा. पुन्हा पुन्हा प्रयोग करत बसू नका, कारण ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) त्वचारोग विभागात किंवा कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्टबद्दल विचारा. ॲलर्जी निघाली तर "मग कपड्यावर मारते" हाही उपाय नव्हे, तो कपडा त्वचेला लागतोच.

---

पाटकुलें

मनगटे एकमेकांवर घासू नका, सुगंधाचे रेणू तुटतात. आणि खोबरेल चोळून वर परफ्यूम लावला की दिवसभर टिकतो.

---

अत्तरदाणी

पाटकुलें, घासू नये हे बरोबर, पण रेणू तुटत नाहीत. घर्षणाने त्वचा गरम होते, वरचा हलका थर लवकर उडतो आणि उरलेला पसरून जातो, एवढेच.

खोबरेलाला स्वतःचा वास असतो आणि लवंगेबरोबर तो स्वयंपाकघराकडे झुकतो. शिवाय कपड्याला तेलाचा डाग. त्याऐवजी सुवास नसलेल्या मॉइश्चरायझरचा वाटाण्याएवढा थेंब पुरे. आणि खरे सांगायचे तर, दमट हवेत त्वचा कोरडी नसतेच. हा उपाय डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या सकाळीच कामाचा.

---

चाफेकळी

डाग व्हॅनिला आणि टोंकाच्या बाजूने येतात. व्हॅनिलिन हवा-उजेडाने तपकिरी होत जाते, त्यामुळे लावताना न दिसलेला डाग आठवड्याने उमटतो. पांढऱ्या सुतीवर, रेशमावर थेट फवारा नको.

ताजा डाग असेल तर गार पाण्याने टिपा, घासू नका. भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब लावून पंधरा मिनिटे ठेवा, मग धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका, उष्णतेने तो पक्का बसतो. रेशमी साडीवर यातले काहीही न करता सरळ ड्रायक्लीनिंगला द्या आणि डाग परफ्यूमचा आहे हे सांगा.

लग्नासाठी: साडी नेसण्याआधी, चाळीस मिनिटे आधी, एकच फवारा गुडघ्यांच्या मागे किंवा पोटरीवर. वास खालून वर येतो आणि वाटेत मऊ होतो. मोती आणि इमिटेशनचे दागिने परफ्यूम वाळल्यावरच घाला, मोत्यांची झिलई अल्कोहोलने जाते. डोक्यात जायांचा किंवा मोगऱ्याचा गजरा असेल तर मानेजवळ लॅव्हेंडर अजिबात नको. जाई-मोगऱ्याचा गोड, जड वास आणि कापूर-लवंग एकमेकांना मारतात. अबोलीला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे या परफ्यूमबरोबर अबोलीचा गजरा उत्तम. देवळात समई, निरांजन, धूप सगळे पेटलेले असते. परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असते, ते झटकन पेट घेते, म्हणून तिथे जाऊन पुन्हा फवारा मारणे कटाक्षाने टाळा.

---

मांडवीकाठ

देव बरें करूं! दोन शंका राहिल्या. मसाला आणखी ठळक हवा असेल तर सावईवेऱ्याकडच्या मसाल्यांच्या बागांत मिळते तसे लवंगतेल बाटलीत दोन थेंब घातले तर? आणि दुपारी पुन्हा लावायला छोटी बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवली तर चालेल का?

---

लवंगलता

लवंगतेल घालू नका. त्यात युजेनॉलच सत्तर-ऐंशी टक्के असते आणि तुमच्या मानेवर आधीच लाली आहे. बाटलीत हिशेब बिघडतो आणि बिघडलेली बाटली पूर्ववत होत नाही. मसाला ठळक हवा असेल तर लावण्याची वेळ आणखी मागे न्या. साठ मिनिटे आधी लावलेत की बाहेर पडेपर्यंत लॅव्हेंडर मवाळ होऊन लवंग पुढे आलेली असेल.

डिकी तर अजिबात नको. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी भट्टीसारखी तापते, आणि उष्णता व हवा मिळून वर सुरंगीने सांगितलेले ऑक्सिडेशन वेगाने घडते. मोठी बाटली तिच्या खोक्यात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बाथरूममध्ये नको. सोबत न्यायला ५ मिलीची काचेची स्प्रे बाटली घ्या, प्लास्टिकची नको. भरताना थोडीच रिकामी जागा सोडा, कारण जितकी हवा आत तितके ऑक्सिडेशन. महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढेच भरा आणि पर्समध्ये ठेवा.

दुपारी लावायचाच असेल तर आधी शेजारच्या टेबलावर विचारा, "वास येतोय का?" हो म्हणाल्या तर बाटली बंदच ठेवा. नाही म्हणाल्या तर पोटाच्या बाजूला अर्धा दाब, तोही घाम पुसून.