पार्ले-जी, पेराद आणि ओली स्ट्रॉबेरी

२० डिसेंबर

बी-३०४: मंडळी, २४ तारखेला संध्याकाळी आपल्या सोसायटीच्या गच्चीवर मुलांचा नाताळ ठरलाय. यंदा केक मागवायचा नाही, असं मुलांनीच ठरवलं. घरोघरी काहीतरी चॉकलेटमध्ये बुडवून करायचं म्हणतात. ओव्हन नाही, भाजणं नाही, लहानांना गॅसजवळ जावं लागत नाही. ८० च्या आसपास नग हवेत. कोण काय करणार ते इथेच लिहा, पर्सनलवर नको, मी विसरते.

सेक्रेटरी: गच्ची रात्री १० पर्यंत. स्पीकर लावू नये. टाकीला हात लावू नये.

ए-५०१ काका: केक का नको? गेल्या वर्षीचा छान होता.

बी-३०४: काका, त्यातला अर्धा लिफ्टच्या दाराला लागला होता. तुम्ही वर होतात, तुमच्यापर्यंत चांगला भाग पोचला.

सी-४०२: चॉकलेट मी आणतो. खरं, कोको बटरवालं. थर्मामीटर आहे माझ्याकडे. कंपाउंड नका आणू प्लीज, ते चॉकलेटच नाही.

बी-३०४: अरे, तुझं म्हणणं चवीला शंभर टक्के बरोबर. पण कोको बटर ३४ डिग्रीच्या आसपास पूर्ण वितळतं, म्हणून तर ते तोंडात विरघळतं. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी ३०-३२ होतं. खरं चॉकलेट नुसतं वितळवून बुडवलं तर धड घट्ट होत नाही, बोटाला लागतं, आणि दुसऱ्या दिवशी वर पांढुरके डाग येतात. ते टाळायचं तर टेंपरिंग करावं लागतं. डार्क असेल तर आधी ४५-५० पर्यंत वितळवायचं, मग २७-२८ पर्यंत उतरवायचं, मग परत ३१-३२ ला आणून तिथेच धरून ठेवायचं. सात वर्षांची १४ मुलं भोवती उभी असताना तू हे करून दाखव, मी तुला हार घालते.

सी-४०२: चॅलेंज घेतो. २० नग माझे.

बी-३०४: घे. बाकीचं कंपाउंडमध्ये. त्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट असतं, टेंपरिंग लागत नाही, वितळव, बुडव, पंधरा मिनिटांत कडक. चवीला जरा मेणचट असतं हे कबूल. आत काय आहे ते चांगलं असेल तर मुलांना कळतही नाही.

सी-२०३: वनस्पती फॅट म्हणजे डालडाच ना? ट्रान्स फॅटचं काय?

बी-३०४: जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात २ टक्क्यांच्या वर ट्रान्स फॅट चालत नाही असा नियम आहे. पौष्टिक आहे असं मी म्हणत नाहीये हं. नाताळ आहे, दोन खातील.

ए-५०१ काका: कंपाउंड मी आणतो. क्रॉफर्ड मार्केटला उद्या जातोच आहे. किती आणू?

बी-३०४: एका नगाला ६-७ ग्रॅम धरा, पण भांड्यात बुडण्याइतकं खोल लागतं, म्हणून सरळ एक किलो. डार्क अर्धा, मिल्क अर्धा. आणि काका, हार्बर लोकलने दुपारी येऊ नका, सकाळी जा.

बी-२०१: ताई, आमच्याकडे अंडं चालत नाही, ठाऊक आहेच. मार्शमॅलो पण नको, त्यात जिलेटिन असतं. पाकिटावर हिरवी खूण बघूनच घ्या. मी खजूर करते, बी काढून आत भाजलेला बदाम. २० होतील.

सी-१०३: माझ्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. खजुरातला बदाम त्याला चालतो, पण शेंगदाणा कुठेच नको. त्याच भांड्यात बुडवलेलंसुद्धा नको.

बी-३०४: बरं झालं आत्ताच सांगितलंत. मंडळी, शेंगदाणा पूर्ण बंद. चिक्की चॉकलेटमध्ये बुडवायचं ज्याच्या मनात होतं त्याने संक्रांतीला करावं.

ए-२०२: ते मीच होतो. मग मी स्ट्रॉबेरी घेतो. महाबळेश्वरची आलीय बाजारात.

बी-३०४: चालेल. पण पूर्ण कोरडी करून, आणि २४ लाच करा. एक दिवसही टिकत नाही, पाणी सोडते.

२१ डिसेंबर

बी-३०४: माझे पार्ले-जीचे गोळे. खूप जणींनी विचारलं म्हणून एकदाच लिहिते. २५० ग्रॅम बिस्किटं मिक्सरमधून काढा, अगदी पीठ करू नका, थोडी रवाळ राहू द्या. दोन मोठे चमचे कोको. कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅमच्या डब्यातलं निम्मं, पण एकदम ओतू नका, मळता मळता घाला. बिस्किट जुनं-नवं असतं त्याप्रमाणे कमी-जास्त लागतं. चिकट झालं तर अजून दोन बिस्किटं. चिमूटभर मीठ विसरू नका. १५-१५ ग्रॅमचे ३० तरी होतात. गोळे फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, बाहेर काढून दहा मिनिटं थांबा, मगच बुडवा. थंडगार गोळा गरम चॉकलेटमध्ये घातला की कवच लगेच धरतं, पण गोळा नंतर फुगतो आणि कवच तडकतं. माझा पहिला घाणा असाच गेला होता, सगळे गोळे डोळे मिचकावल्यासारखे दिसत होते.

ए-५०१ काका: पार्ल्यात राहून दुसरं कुठलं बिस्किट घालणार! कारखाना १९२९ चा. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा स्टेशनपर्यंत वास यायचा. २०१६ ला बंद झाला तेव्हा आमच्या ही म्हणाल्या, आता पार्ल्यात उतरलो हे झोपेत कळायचं कसं.

सी-२०३: खरंय काका. आम्ही लोकलमध्ये वासावर उठायचो.

ए-५०१ काका: कंपाउंड आणलं. एक किलो. पिशवीत जरा वाकलंय.

बी-३०४: काका, तुम्ही दुपारीच गेलात ना?

ए-५०१ काका: जेवून गेलो.

बी-३०४: हरकत नाही, वितळवायचंच आहे. पण फ्रीजमध्ये उघडं ठेवू नका. चॉकलेट वास ओढून घेतं.

२३ डिसेंबर

ए-२०२: ताई, गडबड झाली. चॉकलेट एकदम मातीसारखं झालं. चमचा उभा राहतोय त्यात.

बी-३०४: पाणी गेलं?

ए-२०२: नाही. ट्रायल म्हणून पाच स्ट्रॉबेरी धुऊन पुसून बुडवल्या फक्त.

बी-३०४: देठाच्या पानांखाली पुसलंत?

ए-२०२: तिथे कोण पुसतं?

बी-३०४: तिथलंच पाणी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब गेले की साखर आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात. गंमत म्हणजे थोडं पाणी वाईट, जास्त पाणी चालतं. आता त्यात गरम दूध थोडं थोडं घालून घोटा, छान सॉस होईल. बुडवायला उपयोग नाही, मुलांना पोळीवर द्या. आणि उद्या स्ट्रॉबेरी धुऊन दोन तास पंख्याखाली पंच्यावर पसरा, पानं वर उचलून पुसा. सगळ्यांना सांगते, आपल्या मुंबईत चॉकलेटचं वैर आगीशी कमी आणि पाण्याशी जास्त. ओला चमचा नको, ओलं भांडं नको, हात धुतलेत तर कोरडे करा. खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवणार असाल तर वरच्या भांड्याला पाणी टेकू देऊ नका, उकळी आली की गॅस बंद करा, आणि भांडं उचलल्या उचलल्या बुड फडक्याने पुसा. ते बुडाचं पाणी ओतताना बरोबर आत पडतं. मायक्रोवेव्ह असेल तर तोच बरा. निम्म्या पॉवरवर ३० सेकंद, ढवळा, परत ३० सेकंद. तुकडे दिसायला तसेच राहतात पण आतून वितळलेले असतात, म्हणून दिसण्यावर जाऊ नका, ढवळून बघा.

सी-१०३: घट्ट वाटलं तर पातळ कशाने करू?

बी-३०४: एक चमचा साधं रिफाइंड तेल. दूध नाही, पाणी नाही.

ए-५०१ काका: खोबरेल चालेल?

बी-३०४: खायचं असेल तर चालेल. पण थोडंच, जास्त झालं तर कवच मऊ पडतं. तुम्ही कुठल्या बाटलीचं म्हणताय ते मात्र आधी सांगा.

सी-४०२: माझं टेंपरिंग जमलं. १८ नग, आरशासारखे. फोटो टाकतोय.

सी-२०३: वा!

बी-३०४: सुंदर. हार उद्या. २० म्हणाला होतास.

सी-४०२: दोन टेस्टिंगला गेले.

ए-१०१ आंटी: मुलगा टाइप करून देतो आहे, मी बोलते. तुम्ही सगळे नो-बेक नो-बेक म्हणता, आमच्यात नाताळचं निम्मं काम बिनभट्टीचंच. मी लहान असताना वसईला कोणाच्या घरी ओव्हन होता? केकचं पीठ घरी फेटायचं आणि ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत भाजायला न्यायचे. रांग लागायची. ओळखता यावा म्हणून ट्रेवर चिठ्ठी. बाकी कुलकुल्स तळायचे, नेवऱ्या तळायच्या, मिल्क क्रीम आणि मार्झिपान ढवळायचे, पेराद ढवळायचं. चॉकलेट नव्हतंच. माझं पेराद तयार आहे, तीन दिवसांपूर्वी केलंय.

बी-२०१: आंटी, पेराद म्हणजे पेरूचं ना?

ए-१०१ आंटी: हो. पिकलेले पेरू उकडून चाळणीतून काढायचे, बिया गेल्या पाहिजेत. जेवढा गर तेवढीच साखर, थोडी कमी चालते. लिंबू. मग ढवळत बसायचं, भांड्याची कड सोडेपर्यंत. अंगावर उडतं, लांब बाह्यांचं घाला. ताटाला तूप लावून थापायचं, दुसऱ्या दिवशी वड्या. अंडं नाही, जिलेटिन नाही, बी-२०१ ने बिनधास्त खावं.

बी-३०४: आंटी, एक विचारू? रागावू नका. त्या वड्या डार्क कंपाउंडमध्ये बुडवल्या तर?

ए-१०१ आंटी: (मुलगा लिहितो: आई दोन मिनिटं गप्प बसली.)

ए-१०१ आंटी: अर्ध्या बुडवा. अर्धं पेराद दिसलं पाहिजे.

२४ डिसेंबर

बी-३०४: आंटींच्या ३० वड्या बुडवून झाल्या. वड्या कोरड्या होत्या म्हणून एकही घसरली नाही. आंबटगोड आणि वरचा कडवटपणा, माझ्या गोळ्यांपेक्षा हे सरस आहे, लिहून देते.

सी-२०३: काका, तुमच्या शिल्लक कंपाउंडमध्ये आम्ही खारी बुडवली. तिला कसला वास येतोय?

ए-५०१ काका: कसला?

सी-२०३: सुकटीचा.

ए-५०१ काका: फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात होती. डबा बंद होता.

बी-३०४: कंपाउंड बंद होतं का?

ए-५०१ काका: कागदात होतं.

बी-३०४: ती खारी वर आणू नका. बाकीच्यांसाठी: फ्रीजमध्ये ठेवायचंच असेल तर घट्ट डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. बंदच अर्धा तास ओट्यावर राहू दे. नाहीतर दमट हवेने गार चॉकलेटवर घाम येतो, साखर वर येऊन खरबरीत डाग पडतात. खायला अपाय नाही, पण सी-४०२ चा आरसा जाईल.

सी-१०३: आणखी एक. खाली भुऱ्या मुलांच्या मागे फिरतोय. त्याला कोणीही चॉकलेट देऊ नये. कुत्र्यांना ते विषच असतं, डार्क तर जास्तच. मुलांना नीट सांगा, प्रेमाने देतात.

सेक्रेटरी: वॉचमनला सांगितले आहे. भुऱ्याला गेटवर बांधून बिस्किट दिले आहे. साधे.

ए-२०२: स्ट्रॉबेरी आणतोय वर. २५. प्रत्येक पान उचलून पुसलंय. बायको म्हणते लग्नात इतकं लक्ष दिलं नव्हतं.

२५ डिसेंबर

बी-२०१: सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. आंटी, सासूबाई विचारतात, पेरादची कृती गुजरातीत लिहून मिळेल का?

ए-१०१ आंटी: मुलाला येत नाही. तिला खाली पाठव, बोलत बोलत करू. पेरू घेऊन ये.

सी-४०२: माझा हार?

बी-३०४: तुझे १८ सगळ्यात आधी संपले, मान्य. पण गच्चीवर नेईपर्यंत तू एसीत ठेवले होतेस, ते मला कळलंय. अर्धा हार.

सेक्रेटरी: गच्चीवरील टाकीच्या झाकणावर चॉकलेटचे हात उमटले आहेत. संबंधित मुलांच्या पालकांनी आज पुसून घ्यावे.

ए-२०२: साहेब, मी आत्ता बघून आलो. ते हात मोठे आहेत. आणि सुकटीचा वास येतोय.

ए-५०१ काका: फडकं कुठे आहे?