मदत हवी आहे: बॉलरूमची पहिलीच स्पर्धा, सराव मात्र गच्चीवर

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीचे, विश्रामबागेत राहतो. मी ४८, हे ५२. लेक शिकायला बाहेर गेली आणि घर खायला उठलं, तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार पुण्याला जाऊन बॉलरूम, म्हणजे जोडीने करायचे पाश्चात्त्य नाच, शिकतोय. पुढच्या महिन्यात तिथेच स्पर्धा आहे. नवशिक्यांच्या गटात वॉल्ट्झ आणि चा-चा-चा या दोन नाचांसाठी नाव दिलंय. मनापासून नाचायचंय, म्हणून विचारते.

आमची गच्ची वीस बाय पंधरा फूट, त्यात कोपऱ्यात टाकी. वॉल्ट्झमध्ये सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने हॉलभर फिरतात. इथे चार पावलांत कठडा येतो. गेल्या रविवारी क्लासमध्ये एक जोडी अचानक आडवी आली. हे थबकले, माझं पाऊल आधीच मागे पडलं होतं. मिनिटाला २८ ते ३० आवर्तनं, म्हणजे एका 'एक-दोन-तीन'ला जेमतेम दोन सेकंद. सुटलेला 'एक' गाणं संपेपर्यंत सापडला नाही. अशा वेळी काय करायचं?

दुसरं, स्पर्धेत गाणं आयोजक लावतात. आमचे पाय एकाच गाण्याला सरावलेत. चा-चा-चा तर दुसऱ्या ठोक्यावर सुरू करायचा. हे लहानपणापासून भजनात टाळ धरतात, त्यामुळे पाऊल समेवरच, म्हणजे पहिल्या ठोक्यावरच पडतं.

बुटांचंही सांगा. स्वेडचे (मऊ, लवदार चामड्याचे) तळवे गच्चीच्या सिमेंटवर झिजायला लागलेत. एका मंगल कार्यालयाने सकाळी हॉल देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि नाचायचं कळल्यावर परत केले. फार लागलं मनाला.

सासूबाई मात्र रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात आणि मोठ्याने एक-दोन-तीन मोजतात.

प्रतिसाद:
ताई, मी मिरजेचा, अशा तीन स्पर्धा नाचलोय. वाट अडली की जागेवरच थांबा, पाय जुळवा, एक आवर्तन जाऊ द्या आणि पुढच्या 'एक'वर निघा. याला हेझिटेशन म्हणतात, ती चूक नव्हे. दादा मागे जात असतील तेव्हा त्यांच्या पाठीमागचं तुम्हालाच दिसतं. कोणी आलं तर त्यांच्या दंडावर हलकेच बोटं दाबा. ही खूण आजपासूनच ठरवून टाका.

चा-चा-चाला 'एक'वर फक्त बाजूला एक पाऊल घ्या. दादांची सम सांभाळली जाईल आणि 'दोन'ची रॉक स्टेप (पाऊल टाकून वजन पुन्हा दुसऱ्या पायावर आणायचं) आपसूक येईल. रोज वेगळं गाणं लावा, पहिली आठ आवर्तनं एकमेकांना नुसतं धरून उभं राहून ऐका. प्राथमिक फेरीत परीक्षक पुढे कोणाला बोलवायचं एवढंच टिपतात, तेव्हा अडखळलात तरी नाच सोडू नका.

स्वेड फक्त हॉलमध्ये घाला, तारेच्या ब्रशने घासा, ओल लागू देऊ नका. गच्चीवर जुने चामडी तळव्याचे बूट चालतील. लांब चालीसाठी पहाटे एखादं मोकळं मैदान गाठा, गिरक्या न घेता नुसतं धरून चाला.

मूळ लेखिका:
दादा, खूप आभार! आत्ताच बाजूच्या पावलाने करून पाहिलं. तीनदा चुकलं, चौथ्यांदा यांचा पाय बरोबर 'दोन'वर पडला. सासूबाईंना आता 'दोन-तीन-चा-चा-एक' शिकवतेय. सांगली-मिरजेत सकाळी सात ते आठ कोणी गुळगुळीत फरशीचा हॉल देत असेल तर नक्की कळवा, भाडं आगाऊ देऊ.